हमी एका बराकीची

उद्योगपती विजय मल्ल्याच्या भारताकडील प्रत्यार्पणाची सुनावणी चालू असताना, जुलै 2018मध्ये, लंडनच्या न्यायाधीश एमा अर्बथनॉट यांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक 12चा व्हिडिओ मागवला. आत उजेड किती येतो, हे त्यांना पाहायचे होते. ज्या तुरुंगांत इंग्रजांनी गांधी-नेहरूंना डांबले, त्यांच्याच अवस्थेबद्दल इंग्रजी न्यायालयांनी विचारणा करावी हे योग्य नव्हे, असे पंतप्रधानांनी ब्रिटनला सुनावल्याचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्याच वर्षी सांगितले होते. टोला नेमका होता. पण न्यायालय भारताचा इतिहास तपासत नव्हते. विमानातून उतरल्यावर या एका माणसाचे काय होईल, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न होता.

आश्रय मागणाऱ्याची हद्दपारी असो वा आरोपीचे प्रत्यार्पण, युरोपात कसोटी एकच. छळ आणि अमानुष वागणुकीवरील बंदीला युरोपीय मानवी हक्क कराराच्या तिसऱ्या कलमात अपवाद नाही. धोका ठाऊक असूनही माणूस सोपवला, तर सोपवणारा देशही जबाबदार, हे स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1989च्या सोरिंग खटल्यात ठरवले. धोका मोजताना आधी त्या देशातली सर्वसाधारण परिस्थिती पाहतात, मग त्या व्यक्तीला वेगळा धोका आहे का ते, आणि शेवटी सरकारने दिलेली हमी प्रत्यक्षात किती टिकेल ते. छळ होणारच, असे सिद्ध करावे लागत नाही. मात्र नुसती भीतीही पुरत नाही. धोका खरा आहे असे मानायला सबळ कारणे लागतात.

ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या चहल या शीख कार्यकर्त्याच्या स्ट्रासबर्गमधल्या 1996च्या खटल्यात भारताने सुरक्षिततेची हमी दिली होती. हमी देणाऱ्यांच्या हेतूवर न्यायालयाने शंका घेतली नाही. पण पंजाब पोलिसांतील काहींना ते सरकार आवरू शकेल, याची खात्री न्यायाधीशांना पटली नाही. 12 विरुद्ध 7 मतांनी हद्दपारी अडली. मल्ल्याच्या बाबतीत उलट घडले. हमी एका ठरावीक जागेची होती आणि ती जागा दाखवता येत होती. डिसेंबर 2018मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला. फेब्रुवारी 2025मध्ये मात्र शस्त्रास्त्र दलाल संजय भंडारीचे प्रत्यार्पण लंडनच्या उच्च न्यायालयाने नाकारले. तिहारमध्ये खंडणी, धमक्या आणि मारहाणीचा धोका दिल्या गेलेल्या हमीने दूर होत नाही, असे न्यायालयाला वाटले.

अशाने गुन्हेगार मोकाट सुटतात, हा आक्षेप पोकळ नाही. ज्यांचे पैसे बुडाले किंवा ज्यांची माणसे गेली, त्यांना न्यायासाठी आणखी थांबावे लागते. पण त्यावरचा उपाय कसोटी सैल करण्यात नाही, दिलेला शब्द पाळण्यात आहे. अबू सालेमच्या प्रत्यार्पणासाठी, त्याला फाशी किंवा 25 वर्षांपेक्षा जास्त कैद होणार नाही, असे भारताने पोर्तुगालला कळवले होते. मुंबई बॉम्बस्फोटांसारख्या गुन्ह्यात दोषी ठरूनही त्याच्याबाबत हा शब्द बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022मध्ये बजावले. असा पाळलेला शब्द पुढच्या प्रत्येक प्रकरणात भारताच्या बाजूने बोलतो.

तरी या पद्धतीची एक मर्यादा उरतेच. विक्रोळीच्या न्यायालयातून कोठडीत रवाना होणाऱ्या कच्च्या कैद्यासाठी कोणी व्हिडिओ मागवत नाही. आर्थर रोडमध्ये मंजूर क्षमतेच्या कित्येक पट कैदी राहत आले आहेत, आणि लंडनला दाखवलेली बराक त्यांच्या वाट्याला येत नाही. कैद्यालाही मूलभूत हक्क असतात, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सुनील बात्रा खटल्यात 1978 सालीच सांगितले आहे. ते सगळ्या बराकींत अमलात आले, तर परदेशी न्यायाधीशांपुढे एकाच बराकीची हमी मांडत बसावे लागणार नाही.