नेम आणि छर्रा : लेखांक ११
बावीसनं डुक्कर बसतं का?

दुर्बिणीचा विषय आज घ्यायचा होता. तो पुढच्या रविवारी. आष्टीहून एका संत्रा बागायतदाराचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर लांबवणं बरं नाही, कारण उत्तर जाईपर्यंत ते बंदूक विकत घेऊन मोकळे होतील. पत्रातला मजकूर त्यांच्याच भाषेत देतो: "भाऊ, डुकरं लय झाले. गळालेले संत्रे खातेत ते खातेत, ठिबकच्या नळ्याबी उखडून टाकतेत. मायाजवळ जुनी एकशे सत्त्याहत्तर हाये, वडिलाच्या वक्ताची. दुकानवाला म्हणते बावीस घ्या, तिची स्टॉपिंग पॉवर डबल हाये, डुक्कर जाग्यावर बसते. घेऊ का?"

घेऊ नका. पण एवढ्यावर थांबलो तर तुम्ही माझं ऐकणार नाही, दुकानदाराचं ऐकाल. म्हणून आजचा अख्खा लेखांक त्या 'डबल'चा हिशेब.

नियमित वाचकांना बोरचे आकडे तोंडपाठ आहेत. १७७ म्हणजे इंचाचे हजारांश, साडेचार मिलिमीटर. २२ म्हणजे इंचाचे शतांश, साडेपाच मिलिमीटर. बर्मिंगहॅमच्या बीएसएनं त्यांना एक नंबर आणि दोन नंबर बोर म्हटलं, २५ ला तीन नंबर. जुने लोक अजून 'एक नंबरचे छर्रे द्या' असंच मागतात. पत्रातली वडिलांची बंदूक बहुधा आयएचपीची असावी, विदर्भातल्या पुष्कळ घरांत ती माळ्यावर सापडते. आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाईप. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेली, सिमेंटचे पाईप करणारी कंपनी. तिचाच एक विभाग छर्‍याच्या बंदुका करायचा. पाईपवाल्यांनी नळ्या कराव्यात यात तसं नवल नाही. असो.

आता हिशेब. बिनपरवाना एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांनी दोन मर्यादा घातल्या आहेत: बोर १७७ आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूल. त्यापुढे परवान्याचा विषय सुरू होतो. म्हणजे काउंटरवर सहज मिळते म्हणून बावीस घरी आणली तर पहिला प्रश्न डुकराचा नाही, पोलीस ठाण्याचा आहे. तो घडीभर बाजूला ठेवू आणि दोन्ही बंदुका २० ज्यूलच्याच धरू.

१७७ चा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. २० ज्यूलमध्ये तो सेकंदाला २८० मीटरच्या आसपास वेगानं निघतो. बावीसचा छर्रा एक ग्रॅमचा धरा, तो २०० मीटरनं निघतो. वजन दुप्पट झालं, वेग घटला, ऊर्जा तेवढीच राहिली. स्प्रिंग तीच, पिस्टन तोच, त्यामुळे देणारा हात एकच. छर्रा जाड केला म्हणून ऊर्जा कुठून वाढणार? मग फरक पडतो कशात? तोंडाच्या क्षेत्रफळात दीडपट आणि संवेगात, म्हणजे वजन गुणिले वेग यात, चाळीस टक्के. दुकानदाराचं 'डबल' फक्त तराजूवर खरं आहे.

हा दीडपटीचा फरक पाहायचा असेल तर कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणाच्या वड्या एकामागे एक लावा, मागे वाळूनं भरलेलं पोतं ठेवा आणि दहा मीटरवरून दोन्ही बंदुकांनी एकेक छर्रा सोडा. मग वड्या सुरीनं उभ्या चिरा. १७७ चं भोक अरुंद आणि खोल गेलेलं दिसेल. बावीसचं भोक तोंडाशी रुंद, कडेला साबण थोडा बाहेर उचललेला, पण खोली कमी. छर्रा काढून हातावर घ्या. डोकं किंचित चेपलेलं असतं, कंबर आणि मागचा घेर जसाच्या तसा. शिसं मऊ असूनही उमलून पसरत नाही, कारण पसरायला लागतो तेवढा वेगच नाही. दोन्हींनी आपापल्या अंगाएवढं भोक पाडलं, त्यापलीकडे काही केलं नाही.

इंग्लंडात यावर शंभर वर्षं वाद चाललाय. तिथे बिनपरवाना मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे १६ ज्यूलच्या जवळपास. तेवढ्यात ते कबुतरं आणि ससे मारतात आणि 'पिसांना १७७, केसांना २२' अशी त्यांची म्हणच आहे. बावीसवाले म्हणतात, मोठं भोक, छर्रा आत राहतो, सगळी ऊर्जा जनावरात उतरते. १७७ वाले म्हणतात, आमचा छर्रा सरळ जातो, नेम चुकत नाही. दुसर्‍या बाजूचं म्हणणं आकड्यांत बसवून पाहा. तीस मीटर जाताना १७७ चा छर्रा सुमारे सात सेंटिमीटर खाली येतो, बावीसचा तेरा. पस्तीस मीटर धरलं तर १७७ दहाच्या आत, बावीस अठराजवळ. अंतर ओळखण्यात पाच मीटरची गफलत झाली की एकाचा नेम अडीच सेंटिमीटरनं हलतो, दुसर्‍याचा पाचनं. सशाच्या डोक्यावर पाच सेंटिमीटर म्हणजे गोळी हुकली. शहाणे लोक शेवटी एकाच गोष्टीवर येतात: छर्रा कुठे लागला याला मोल आहे, केवढा होता याला नाही. आणि हा सगळा वाद दीड-दोन किलोच्या जनावराचा आहे, हे विसरू नका.

या 'जाग्यावर बसण्या'चं वेड एअरगनवाल्यांचं नाही, लष्कराकडून आलंय. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत गोर्‍या सोजिरांची तक्रार झाली की नवी ३०३ ची बारीक गोळी पठाणाच्या आरपार जाते आणि तो चालूनच येतो. त्यावर कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोकाचं आवरण काढून आतलं शिसं उघडं ठेवलेली गोळी निघाली. ती अंगात शिरली की फुलायची. दमदम हे नाव जगभर झालं आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेनं अशा गोळ्यांवर बंदी घातली. पुढे फिलिपिन्समध्ये अमेरिकनांना ३८ च्या रिव्हॉल्व्हरचा तोच अनुभव आला. १९०४ मध्ये थॉम्पसन नावाचा अधिकारी आणि लगार्ड नावाचा डॉक्टर शिकागोच्या कत्तलखान्यात गेले, गुरांवर आणि प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि ४५ च्या खाली जाऊ नका असं सांगून मोकळे झाले. त्या प्रयोगावर आजही भांडणं होतात. भांडणार्‍यांचं एकमत एवढंच: मेंदूला किंवा मणक्याला लागली तर जनावर तिथेच बसतं, नाहीतर रक्त जाईपर्यंत चालतं. मोठ्या रायफलीची गोळी वेगामुळे भोकाच्या भोवतालचं मांसही फाडते. छर्रा ते करत नाही; साबणात पाहिलंच आपण.

आता दुकानदाराच्या वाक्यातली खरी मेख. बावीस दोन आहेत. एक एअरगनची. दुसरी दारूच्या काडतुसाची, ज्या बोरच्या रायफलीनं कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं. तोंडाचं माप जवळपास एकच. पण काडतुसातली गोळी अडीच ग्रॅमची, वेग सव्वातीनशे मीटरपुढे, ऊर्जा १४० ज्यूलच्या घरात. एअरगनच्या सातपट! 'बावीसनं डुक्कर मारलं' अशा जुन्या शिकार्‍यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील तर त्या या दुसर्‍या बावीसच्या. तीही डुकराला अपुरीच. बारा बोरच्या काडतुसाची ऊर्जा अडीच हजार ज्यूलच्या आसपास, ३१५ च्या रायफलीची त्याहून जास्त. रानडुकराचा विषय तिथे सुरू होतो. बोर म्हणजे नळीचं तोंड केवढं एवढंच. त्यातून काय दमानं निघतं हे तोंड पाहून कळत नाही.

वार्‍याच्या बंदुकीत दम येतच नाही असंही नाही. १७८० च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे जिरार्डोनीची हवेची रायफल होती. दस्त्याच्या जागी हवेची टाकी, एका भरणीत वीस गोळ्या आणि धूर नाही. १८०४ मध्ये अमेरिका पालथी घालायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कनी तसलीच एक बरोबर नेली होती आणि वाटेत लोकांना उडवून दाखवली. आज टेक्सासमध्ये ४५ बोरच्या, सहा-सातशे ज्यूलच्या हवेच्या बंदुका मिळतात आणि त्यांनी डुकरं मारतातही. त्या बंदुकीचं आणि तुमच्या स्प्रिंगच्या बंदुकीचं नाव सारखं, एवढाच संबंध. जिरार्डोनीवर कधीतरी स्वतंत्र लिहायचंय, मोह आवरतो.

मोठा नर शंभर किलोच्या आसपास भरतो. खांद्यावर कातडीखाली चिवट, कुर्चेसारखा जाड थर असतो, एकमेकांच्या सुळ्यांपासून वाचायला निसर्गानं दिलेला. त्यावर राठ केस, त्यावर लोळून वाळलेला चिखल. चाळीस-पन्नास मीटर जाईपर्यंत छर्‍याची ऊर्जा निम्मी झालेली असते. दहा ज्यूल त्या खांद्यावर जाऊन काय करणार? डुक्कर वळून पळेल, तुम्हाला वाटेल बसला मार. जखम चिघळेल, आणि मग ते जखमी जनावर पहाटे पाणी द्यायला निघालेल्या माणसासमोर येईल.

छर्रा कुणाला किती 'थांबवतो' याचा पुरावा मी आष्टी तालुक्यातच पाहिलाय. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी चालली होती. हळद-तूप चोळताना एका बैलाच्या वशिंडामागे बोराएवढी गाठ हाताला लागली. नंतर पशुवैद्यकानं चीर दिली तेव्हा आतून बावीसचा छर्रा निघाला, भोवती पांढरं आवरण धरलेला. कधीतरी कुणाच्या हरभर्‍यात तोंड घातलं असेल, कुणीतरी हाकलायला झाडला असेल. मालकाला पत्ताच नव्हता. तो बैल त्या छर्‍यासकट हंगामामागून हंगाम नांगर ओढत होता.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारणं येतं, जखमी करणं येतं आणि मारायचा प्रयत्नही येतो. बंदूक बिनपरवान्याची असली म्हणून जनावर बिनपरवान्याचं होत नाही. रानडुक्कर आणि रोही पिकात येतात म्हणून राज्य सरकारनं जुलै २०१५ मध्ये निर्णय काढला. वनखात्याच्या परवानगीनं, अटींवर, त्यांना मारता येतं. पण ते काम परवानाधारक मोठ्या शस्त्राचं, आणि मेलेलं जनावर सरकारचं. कावळा, उंदीर, वटवाघूळ पूर्वी पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून मोकळे होते. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच गेली. होला, तित्तर, ससा यांना तर संरक्षण आहे. आणि बोर अभयारण्यातला वाघ तुमच्या वर्धा जिल्ह्यातलाच. डुक्कर त्याच्या मुख्य अन्नापैकी एक. एअरगननं रान कसं रिकामं होतं हे अरुणाचलनं भोगलं. तिथे मार्च २०२१ पासून सरकारनं एअरगन परत करायची मोहीम काढली आणि दोन हजारांहून जास्त बंदुका लोकांनी आपणहून आणून दिल्या.

तेव्हा भाऊ, बावीसचे पैसे झटका मशीनच्या बॅटरीवर आणि तारेवर घाला. तार जमिनीपासून वीतभर उंचीवर पहिली, कारण डुक्कर नाकानं खालून घुसतं. गवत तारेला टेकू देऊ नका, झटका तिथेच जमिनीत उतरतो. मेन लाइनचा करंट मात्र चुकूनही सोडू नका. त्यानं दरवर्षी डुकरांबरोबर माणसंही जातात. नुकसान झालं की लगेच पंचनाम्यासाठी वनखात्याकडे अर्ज करा, फोटोसकट.

आणि वडिलांची १७७ विकू नका. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की नववीतली मुलगी तिनं डबे पाडते. वाड्याच्या पडवीत दहा मीटर मोजा, मागे वाळूचं पोतं ठेवा, कागदी टार्गेट लावा. त्याच्या मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नेमबाज सुमा शिरूरनं २००४ च्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत चाळीसच्या चाळीस गोळ्यांना दहा घेऊन ४०० पैकी ४०० केले, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला, ते याच १७७ बोरवर आणि आठ ज्यूलच्या आसपासच्या ऊर्जेवर. तुमच्या जुन्या बंदुकीत तेवढा दम नक्की आहे. त्या खेळात दुर्बीण चालत नाही, भोकातून भोक पाहायचं असतं. ते का, आणि दुर्बीण लावलीच तर स्प्रिंगची बंदूक ती का फोडते, हे पुढच्या रविवारी. या वेळी नक्की.