लाकडातील ऊब

हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात शरद ऋतू आला, की घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर जळाऊ लाकूड आणि गुरांचा चारा रचला जातो. पूर्वी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली, की या खोऱ्याचा रस्ता कित्येक महिने तुटत असे. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि ही कोंडी बरीचशी सुटली. थंडी मात्र होती तशीच आहे. घरातील मुख्य खोलीत पत्र्याची बंद शेगडी असते. तिला तेथे ‘तंदूर’ म्हणतात. मैदानी प्रदेशातील रोटी भाजण्याच्या तंदूरशी तिचा संबंध नाही. काश्मीरमध्ये अशाच शेगडीला ‘बुखारी’ म्हणतात. तिच्या नळीतून धूर घराबाहेर जातो आणि सारे कुटुंब तिच्याभोवती हिवाळा काढते.

डोंगरउतारावरून हे लाकूड बहुधा स्त्रियांच्या पाठीवरून घरी येते. त्यामुळे त्यातील किती उष्णता खोलीत राहते आणि किती वाया जाते, हा प्रश्न केवळ विज्ञानाचा राहत नाही.

उष्णतेचा पहिला चोर म्हणजे पाणी. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असे एक किलो लाकूड जाळले, तर त्यातील अर्धा किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च होतात. उरलेल्या अर्धा किलो कोरड्या भागातून फार तर २,२०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सातवा हिस्सा वाफेबरोबर गेला. पण खरे नुकसान याहून मोठे आहे. ओल्या लाकडाचा जाळ थंड असतो, आणि थंड जाळात धूर पेटत नाही.

धूर पेटतो, हे अनेकांना नवल वाटेल. लाकूड तापले, की त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायुरूपाने बाहेर पडतो. आपल्याला दिसणारी ज्वाळा ही या वायूंचीच असते. मागे उरतो तो निखारा. हे वायू पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअसची उष्णता आणि पुरेशी हवा लागते. दोहोंपैकी एक कमी पडले, की ते न जळताच नळीतून निघून जातात. काळा, दाट धूर म्हणजे छपरावरून उडून जाणारे सरपणच होय.

रात्री शेगडी ओंडक्यांनी ठासून भरायची आणि हवेची झडप बंद करून ती धुमसत ठेवायची, अशी सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. लाकूड पहाटेपर्यंत पुरते, म्हणून ही काटकसर वाटते. प्रत्यक्षात ती उधळपट्टी आहे. शिवाय न जळलेल्या धुराचा डांबरासारखा थर नळीत साचतो आणि कधी तोच पेट घेतो. त्यापेक्षा थोडे, वाळलेले, चिरलेले लाकूड मोकळ्या हवेत भरभर जाळावे आणि ती उष्णता जड वस्तूत साठवावी, हे अधिक शहाणपणाचे. काश्मीरमधील हमाम याच तत्त्वावर चालतो. दगडी फरशीखाली लाकूड जाळतात; जाळ विझल्यावरही फरशी कितीतरी वेळ उबदार राहते. पत्र्याची शेगडी मात्र जितक्या लवकर तापते, तितक्याच लवकर निवते. तिच्या मागच्या बाजूला, थोडे अंतर सोडून, दगडाची किंवा विटांची भिंत असली तर हा दोष काहीसा कमी होतो.

शेगडी कितीही चांगली असली, तरी घर गळके असेल तर काय उपयोग? हिमाचलमधील जुनी ‘काठकुणी’ घरे देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे थर आलटून पालटून रचून बांधलेली आहेत. जाड भिंती, खाली गुरांचा गोठा आणि वर माणसांचा वावर, अशी त्यांची रचना असते. गुरांच्या अंगची ऊबही वाया जात नाही. नव्या घरांवर नुसता पत्रा असतो. गरम हवा वर चढते आणि पत्र्यातून तिची उष्णता निघून जाते. तेथे लाकडी फळ्यांचे आतले छत घालणे हे नवी शेगडी घेण्यापेक्षा पुष्कळदा अधिक फलदायी ठरते.

खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, पण खोली पूर्ण कोंदू नये. जाळाला हवा लागते. ती न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत कोळशाची उघडी शेगडी ठेवून झोपलेली माणसे दर हिवाळ्यात त्यामुळे प्राण गमावतात. निखारे धगधगत असताना नळीची झडप पूर्ण बंद करू नये आणि हिवाळ्यापूर्वी नळी आतून खरवडून काढावी.

लाकूड वाळले की नाही, हे ओळखायला उपकरण लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता वाळलेले लाकूड खणखणते, ओले बद्द वाजते. वाळलेल्याच्या टोकांवर भेगा दिसतात. चिरलेले लाकूड जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळे ठेवून रचल्यास पावसाळ्यातही त्यात ओल शिरत नाही. जाड ओंडक्यांना मात्र एक उन्हाळा पुरत नाही. म्हणूनच अनुभवी घरांत दोन राशी दिसतात. एक या हिवाळ्याची आणि दुसरी पुढच्या वर्षाची.