नदीतला मासा राखायचा, तर मच्छीमाराच्या घरखर्चाचे काय?

कावेरीचे पाणी सर्वांनाच हवे असते. तंजावरला पोहोचण्याआधी ते मेट्टूर धरणात अडते, कल्लणै बंधाऱ्यापाशी फाट्यांत वाटले जाते आणि भातशेतीकडे वळते. धरण रिवाजाप्रमाणे 12 जूनला उघडते आणि 28 जानेवारीला बंद होते. मधल्या उन्हाळ्यात नदीवर जगणाऱ्या मच्छीमाराला तसाही हात आखडावा लागतो. पाणी परत येते, तेव्हाच कावेरीतले बरेच मासे अंडी घालतात. मासा राखायचा, तर नेमके त्याच दिवसांत जाळे आवरावे लागते. खर्च आधी लहान मच्छीमाराच्या अंगावर पडतो. फायदा पुढच्या हंगामांत होतो आणि तो सर्वांत वाटला जातो.

कावेरीतला सर्वांत संकटातला मासा म्हणजे कुबडाचा महासीर. तो तंजावरच्या सपाटीवर नाही, वरच्या डोंगराळ भागात आढळतो. 2018 मध्ये जागतिक यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. कर्नाटकात भीमेश्वरी, गालिबोरे येथे गळाने मासा धरून परत सोडणाऱ्या पर्यटकांसाठी शिबिरे चालत. पूर्वी चोरून मासे मारणारे काही स्थानिक तिथे वाटाडे व राखणदार झाले. पुढे अभयारण्याच्या नियमांमुळे हा खेळ बंद झाला आणि ती कमाईही गेली. जिवंत माशातून रोजगार मिळत होता, ही गोष्ट नियम करताना विसरू नये.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राशी जोडलेली आहे. लोणावळ्यातील टाटा कंपनीच्या केंद्रात वाढवलेले दख्खनी महासीरचे बीज कावेरीतही सोडले गेले. हेतू चांगला होता. पण बाहेरचा महासीर वाढला आणि कावेरीचा स्वतःचा मागे पडला, असे अभ्यासकांना दिसले. म्हणून नदीत बीज सोडण्याच्या कार्यक्रमात ते त्याच नदीतल्या जातीचे आहे ना, हे आपल्या संस्थेने जरूर विचारावे.

बंदीच्या काळात काय मिळते?

2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासेमारी बंदी किंवा मंदीच्या काळासाठी उपजीविका साहाय्य आहे. ते सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास, पारंपरिक, प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. वय 18 ते 60 लागते. लाभार्थ्याने 1,500 रुपये भरायचे, शासन 3,000 रुपये घालते. तमिळनाडूत हा शासकीय वाटा केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. एकूण 4,500 रुपये तीन महिन्यांत, दरमहा 1,500 प्रमाणे मिळतात.

हिशेब स्पष्ट करू. हातात येतात दिवसाला सुमारे 50 रुपये, आणि त्यातला एक तृतीयांश पैसा तुमचाच असतो. बुडालेली मजुरी यातून भरून निघत नाही. किराण्याला थोडा आधार होतो इतकेच. तरीही स्वतःचा हिस्सा वेळेवर भरा, कारण तो भरला नाही तर शासनाचे 3,000 रुपयेही हातचे जातात.

मल्लिपट्टिनम, अधिरामपट्टिनम येथील समुद्री मच्छीमारांसाठी 15 एप्रिल ते 14 जून अशी 61 दिवसांची बंदी असते. तिचे नियम वेगळे आहेत. नदीवरच्या मच्छीमाराने आपला अर्ज त्यात मिसळू नये.

याच योजनेत सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वास 2.5 लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. तळे करून मासे पाळायचे असतील, तर सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. तळ्यात थाई मांगूर मात्र घेऊ नका. त्याच्या पालनावर बंदी आहे. तो पुरात नदीत निसटला, तर तिथल्या माशांना खातो.

सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तसे होताना दिसले, तर मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. उपजीविका साहाय्याचा अर्जही तिथेच द्यायचा. सोबत आधार, बँक पासबुक आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदत्वाचा पुरावा न्या, आणि यंदाचा हिस्सा भरण्याची शेवटची तारीख विचारून घ्या.