इमूतली मादी कोणती?

हुबळी-धारवाडकर मंडळी, २०१० च्या आसपासची इमूपालनाची लाट आठवते? महाराष्ट्रात जोरात होती, आपल्या कर्नाटकातही आली. मोठ्या इमूंत नर-मादी दिसायला सारखेच. कान द्यायचा: ढोल घुमल्यागत आवाज आला की मादी, घुरघुरला की नर!

खरी गंमत पेशीत आहे. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं नरात झेडझेड, मादीत झेडडब्ल्यू. कोंबडीत डब्ल्यू झिजून पार छोटं झालंय, कारण झेडशी त्याची अदलाबदल थांबली की बिघाड साचतच जातात. इमू-शहामृगांत मात्र बऱ्याच मोठ्या भागात ही देवाणघेवाण दहा कोटी वर्षांनंतरही चालूच! म्हणून पिसावरून नर-मादी सांगणारी नेहमीची सीएचडी-१ जनुकाची चाचणी इथे फसते. ते जनुक नेमकं याच भागात बसलंय, त्यामुळे झेड आणि डब्ल्यूवरच्या त्याच्या प्रतींत चाचणीला हवा तो फरकच उरत नाही.