नियोजित उपनगरातील बाजाररस्ता आणि पादचारी : कळंबोलीच्या संदर्भात एक विवेचन

शहरातील मध्यवर्ती बाजाररस्त्याची पुनर्रचना हा विषय आपल्याकडे बहुधा 'सुशोभीकरण' या शीर्षाखाली येतो. रंगीत फरशी, नक्षीदार दिव्यांचे खांब, एखादे कारंजे आणि कोनशिला एवढ्यात तो आटोपतो. वस्तुतः हा प्रश्न सौंदर्याचा कमी आणि जागेच्या वाटपाचा अधिक आहे. रस्त्याची रुंदी ठरलेली असते. ती कोणाला, किती आणि कोणत्या वेळी द्यावयाची हे आधी ठरले नाही, तर फरशी कितीही उत्तम असली तरी तिच्यावर वाहनेच उभी राहतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने कळंबोलीचा विचार केला आहे.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची रचना एका केंद्राभोवती न करता अनेक नोडच्या स्वरूपात केली. त्यामुळे पाश्चात्त्य अर्थाने 'डाऊनटाऊन' कळंबोलीत नाही. सेक्टरांमधील दुकानांच्या रांगा आणि त्यांपुढील रस्ते हेच येथील शहरकेंद्र होय. या नोडचे वैशिष्ट्य असे की, एकीकडे लोखंड-पोलादाचा घाऊक बाजार आणि त्यासाठी येणारी अवजड वाहने, शीव-पनवेल महामार्ग व मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे मुख. तर दुसरीकडे सिडकोने अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेली लहान घरे. घर लहान असले की अंगण, बैठक आणि मुलांचे खेळणे हे सारे रस्त्यावर येते. म्हणून येथील रस्ता ही केवळ ये-जा करण्याची वाट नसून घराचाच विस्तारलेला भाग आहे, हे गृहीत धरून पुढील विवेचन वाचावे.

पादचारी रस्त्यांच्या चर्चेत कोपनहेगनमधील स्ट्रॉयट या रस्त्याचा दाखला नेहमी दिला जातो. १९६२ मध्ये तो वाहनांसाठी बंद झाला, परंतु प्रथम केवळ प्रयोग म्हणून. व्यापाऱ्यांचा विरोध होता. तो अनुभवाने निवळल्यावर, १९६४ मध्ये, निर्णय कायम झाला. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर वाहने थांबवून 'पादचारी दिन' पाळला, तोही याच जातीचा प्रयोग होता. पुण्यातीलच जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना मात्र वेगळ्या प्रकारची. तेथे वाहने बंद न करता पदपथ रुंद केले, बसण्यासाठी जागा केल्या. चालणाऱ्यांची सोय निश्चितच झाली. परंतु रुंद पदपथावर दुचाकी चढू लागल्याच्या तक्रारीही आल्या. म्हणजे रचना आणि नियमन यांपैकी एकाने भागत नाही.

कळंबोलीच्या संदर्भात वाटपाचा हिशेब करून पाहणे उद्‌बोधक ठरेल. एका मोटारीच्या वाहनतळास साधारणतः २.५ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा धरतात. भाजीची हातगाडी सुमारे २ चौरस मीटर व्यापते. एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत चार हातगाड्या मांडून शिवाय गिऱ्हाईकास उभे राहण्यास जागा उरते. तरीही कारवाईची गाडी येते ती प्रायः हातगाडीसाठी! पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावे लागतात. रस्त्याचा आराखडा या समितीपुढे न ठेवता तयार केला, तर तो वादात अडकणार हे उघड आहे.

पदपथाविषयी इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूत्रांत किमान १.८ मीटर रुंदी व २.२ मीटर उंची निर्वेध असावी असे म्हटले आहे. 'निर्वेध' या शब्दावर भर द्यावयास हवा. विजेचा फीडर पिलर, झाड, दुकानाची पायरी, जाहिरातीचा फलक हे सारे या मापाच्या बाहेर राहिले पाहिजे. दुकानांच्या रांगेपुढे तर १.८ मीटरही अपुरे, कारण दर्शनी भागाशी थांबणारी माणसे स्वतंत्र जागा घेतात.

याहून दुर्लक्षित बाब पाण्याची. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे; २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कळंबोलीतील तळमजल्यांच्या घरांत पाणी शिरले होते. आपल्याकडे पदपथ म्हणजे बहुधा पावसाळी गटाराचे झाकण असते. पदपथ उंच करताना किंवा रस्ता व पदपथ एकाच पातळीवर आणताना गटाराचा उतार आणि गाळ काढण्यासाठी उघडता येणारी झाकणे यांचा विचार झाला नाही, तर पहिल्याच पावसात दुकानदार हाच प्रकल्पाचा पहिला विरोधक होतो. त्याचा विरोध तेव्हा अन्याय्यही म्हणता येत नाही.

प्रशासकीय अडचणही लहान नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली व कळंबोली तिच्या हद्दीत आली. मूळ आराखडा सिडकोचा, वाहतूक नियमन नवी मुंबई पोलिसांचे, विजेची यंत्रणा महावितरणची. एक खांब दोन फूट सरकवावयाचा तरी तीन टेबले फिरावी लागतात.

अशा स्थितीत कायमचे बांधकाम हाती घेण्यापूर्वी एखाद्या बाजाररस्त्यावर रविवारच्या संध्याकाळी काही तास वाहने वळवून पाहणे हा कमी खर्चाचा मार्ग आहे. त्यासाठी हवे असलेले मोजमाप परिसरातील महाविद्यालयांना सहज करता येईल. भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगाच्या आधी आणि नंतर, त्याच वारी, त्याच तासांत नोंदी घ्याव्यात : चालणारे किती, त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध किती, बसलेले किती, उभी वाहने किती वेळ तेथेच होती, विक्री किती झाली. दुकानदारांना विचारताना गिऱ्हाईक कोठून व कशाने आले हेही विचारावे. गिऱ्हाईक गाडीनेच येते या त्यांच्या समजुतीची पडताळणी या एका प्रश्नाने होऊ शकेल. पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा अशा किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय या नोंदींवरून अनुमान काढू नये.