ड्रोनला छप्पर दिसते, मालक दिसत नाही : हवाई छायाचित्रे, डीप लर्निंग आणि आपली वस्ती

पेण आणि नागोठणे यांच्यामध्ये, मुंबई-गोवा महामार्ग आणि पनवेल-रोहा रेल्वेमार्गाच्या पट्ट्यात कासू हे गाव आहे. परिसरात खारजमीन, भातखाचरे, कौलारू आणि पत्र्याची घरे. अशा गावांतील शेताची मोजणी इंग्रजांच्या काळापासून झाली, पण गावठाणातील घरांची बहुतेक ठिकाणी झालीच नाही. शेताला सातबारा मिळाला, घराला मात्र ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे.

ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभाग, ग्रामविकास विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी गावठाणांची ड्रोनने मोजणी हाती घेतली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे तिचा पहिला प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली आणि हेच काम देशभर गेले. मोजणीनंतर घरमालकाला मिळकत पत्रिका आणि सनद मिळते.

ड्रोनच्या छायाचित्रावरून प्रत्येक घराची कड आखणे हे किचकट काम आहे. माणूस संगणकासमोर बसून ते करतो, आणि आता डीप लर्निंगची मॉडेल तेच काम काही मिनिटांत करू लागली आहेत. आपल्या तरुणांनी हे तंत्र समजून घेतले पाहिजे, कारण नकाशात काय आले आणि काय राहिले, याचा परिणाम बौद्धवाडीतील प्रत्येक घरावर होणार आहे.

मॉडेल नेमके काय पाहते?

संगणकासाठी छायाचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. समजा, घर ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. ड्रोनच्या छायाचित्रात एक पिक्सेल ५ सेंटिमीटरचा असेल, तर ते घर १२० × ८० म्हणजे ९,६०० पिक्सेलचे दिसेल. ५० सेंटिमीटरच्या उपग्रह चित्रात तेच घर ९६ पिक्सेलचे होते. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या मोफत चित्रात एक पिक्सेल १० मीटरचा असतो, म्हणजे अख्खे घर एका पिक्सेलमध्ये विरून जाते. म्हणून कोणी 'उपग्रहावरून पाहिले, तिथे घर नव्हते' असे म्हणाले, तर पहिला प्रश्न विचारायचा : पिक्सेल किती मोठा होता?

मोठे छायाचित्र मॉडेलला एकदम देता येत नाही. त्याचे चौकोनी तुकडे करतात. ५१२ × ५१२ पिक्सेलचा तुकडा घेतला, तर ५ सेंटिमीटरच्या चित्रात तो सुमारे २५ मीटरचा चौकोन होतो. त्यात दोन-चार घरे मावतात. तुकड्याच्या कडेला घर अर्धे कापले जाते, म्हणून तुकडे एकमेकांवर थोडे चढवून घेतात. मॉडेल प्रत्येक पिक्सेलवर निर्णय देते : छप्पर, रस्ता, पाणी, झाड की मोकळी जमीन. मग छपराचे पिक्सेल जोडून घराची आकृती तयार होते. यासाठी गाजलेली यू-नेट ही रचना २०१५ मध्ये मुळात वैद्यकीय प्रतिमांसाठी तयार झाली होती.

शिकवणी कोणाच्या घरांवर झाली?

मॉडेल उदाहरणांवरून शिकते. माणसांनी आधी हजारो घरांच्या कडा हाताने आखून द्यायच्या, मॉडेलने अंदाज करायचा, चूक मोजायची आणि आतले आकडे थोडे बदलायचे, हे चक्र पुन्हा पुन्हा चालते. उदाहरणे सगळी शहरातील स्लॅबच्या इमारतींची असतील, तर शेवाळ धरलेले कौल, गंजलेला पत्रा किंवा पावसाळ्यासाठी टाकलेले निळे प्लास्टिक मॉडेलला ओळखू येईलच असे नाही.

पेण तालुक्यात ही अडचण आणखी वाढते. गणपतीच्या कारखान्यांवरील प्लास्टिकचे मांडव घरासारखे दिसू शकतात. आंबा-चिंचेखालचे घर वरून दिसतच नाही. गवताची गंजी आणि गवताने शाकारलेली झोपडी यांत वरून फार फरक नसतो. पावसाळ्यानंतर सगळे हिरवे, मार्चमध्ये सगळे पिवळे; एका मोसमात शिकलेले मॉडेल दुसऱ्या मोसमात गडबडते. उपाय सरळ आहे : त्याच भागातील, सर्व वाड्यांतील आणि वेगवेगळ्या मोसमांतील उदाहरणे आखून द्यायची.

'९५ टक्के अचूक' म्हणजे काय?

चित्राचा ९५ टक्के भाग शेती असेल, तर 'कुठेच घर नाही' असे सांगणारे मॉडेलही ९५ टक्के अचूक ठरते. म्हणून घरांपुरते दोन प्रश्न वेगळे विचारावेत. खऱ्या घरांपैकी किती सापडली? सापडलेल्यांपैकी किती खरी?

तिसरा प्रश्न आपला आहे : चुका कुठे झाल्या? समजा, गावात २०० घरे आहेत आणि १९० सापडली. आकडा चांगला वाटतो. पण राहिलेली दहाही घरे एकाच वाडीची असतील, तर त्या वाडीसाठी ते मॉडेल निकामी आहे. गावाच्या सरासरीत हे लपते. म्हणून हिशेब वाडीनिहाय मागितला पाहिजे. चाचणीही अशा वाडीवर घ्यावी, जिचा एकही तुकडा मॉडेलने शिकताना पाहिलेला नाही.

जे वरून दिसत नाही

मॉडेल शंभर टक्के बरोबर निघाले तरी त्याला फक्त छप्पर दिसते. छपराखाली कोण राहते, जमीन कोणाच्या नावावर आहे, तीन भावांच्या भिंती कुठे आहेत, हे दिसत नाही. ज्याला छप्परच नाही ते तर नकाशात मोकळी जागा म्हणून जाते : आपली स्मशानभूमी, विहिरीकडे जाणारी वाट, जयंतीचे मैदान, विहारापुढचे अंगण.

त्याहून मोठा प्रश्न हद्दीचा. मोजणी गावठाणाची असते आणि गावठाणाची हद्द महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे ठरते. कोकणात बौद्धवाडी अनेकदा मूळ गावठाणापासून अलग, कधी सरकारी जमिनीवर वसलेली असते. वाडी हद्दीबाहेर राहिली, तर ड्रोनने तिचे सुंदर छायाचित्र काढले तरी मिळकत पत्रिका मिळणार नाही. तिथे लढाई अर्ज, ग्रामसभेचा ठराव आणि पाठपुरावा यांचीच आहे.

तरुणांनी काय करावे?

१. ड्रोन उडण्यापूर्वी गावात चुन्याने हद्दी आखतात. त्या दिवशी वाडीतील माणसे हजर हवीत. विहार, स्मशानभूमी आणि वाट यांच्या कडा तेव्हाच दाखवाव्यात.

२. चौकशीच्या वेळी कच्चा नकाशा पाहून आपली घरे एकेक करून मोजावीत. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी.

३. गूगलच्या ओपन बिल्डिंग्ज या मोफत माहितीसंचात मॉडेलने शोधलेल्या इमारती आहेत. त्यात दक्षिण आशियाही आहे. ती माहिती क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, वाडीत फिरून पडताळावी आणि सुटलेली घरे आखावीत. दोन-तीन रविवारांत वाडीचा स्वतःचा नकाशा होतो. पुढे मॉडेलला शिकवायला हीच उदाहरणे उपयोगी पडतात.

४. गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी चित्रे तारखेसह दिसतात. सरकारी जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमित करण्याच्या राज्याच्या धोरणात १ जानेवारी २०११ ही तारीख महत्त्वाची आहे. त्याआधीच्या चित्रात घर दिसत असेल, तर प्रत काढून घरपट्टीची पावती आणि वीजबिलासोबत जोडावी.

५. आखलेल्या नकाशावर लोकांची नावे आणि फोन नंबर टाकून तो समाजमाध्यमांवर पसरवू नये. ज्या नकाशाने हक्क मिळतो, त्याच नकाशाने अतिक्रमणाची नोटीसही येऊ शकते. प्रत वाडीच्या समितीकडे ठेवावी.

धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' आहे : या, स्वतः पाहा. नकाशालाही तीच कसोटी लावू या. संगणकाने सांगितले म्हणून मान्य करायचे नाही आणि संगणकाचे आहे म्हणून घाबरायचेही नाही. कासू असो की रोह्याकडची एखादी वाडी, छापील नकाशा हातात घेऊन घराघरांतून फिरणारी चार मुले-मुली असतील, तर एकही घर नकाशातून सुटणार नाही.