अलक: साहित्य की नुसता फॉरवर्ड?

'चार ओळींची अलक, म्हणजे अति लघु कथा, हे काय साहित्य झालं?' असं बरेच जण विचारतात. मी म्हणतो, आपल्या वाशिमकडेच बघा. जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. इथला राजा सर्वसेन प्राकृत कवी होता. 'गाथासप्तशती'तल्या काही गाथा त्याच्या नावावर सांगितल्या जातात. गाथा म्हणजे दोनच ओळी. कोण बोलतंय, कोणाला, का, ते बरेचदा आपणच ओळखायचं.

अलकचंही तसंच. समजा: 'बैल विकून महिना झाला. आई अजून दावणीशी पाणी ठेवते.' कर्ज, दुष्काळ, काहीच सांगितलं नाही; तरी कळतं. शेवटचा धक्का एकदाच बसतो. दुसऱ्यांदा वाचतानाही जी थांबवते, ती अलक साहित्य. बाकी फॉरवर्ड.